गडावरच्या टाक्यात उतरू नका, अंघोळीला तांब्याभर पाणी पुरतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅम्पिंगला जाताना बॅगेत काय काय भरायचं याची भलीमोठी यादी आली होती. वेट वाइप्स, ड्राय शाम्पू, सॅनिटायझर, डिओ, पेपर सोप, वापरून फेकायचे टॉवेल. यादी चांगलीच होती, माझ्या भाचीने तर कात्रण काढून ठेवलंय. पण मला वाचताना एकच प्रश्न पडत होता की हे सगळं वापरून झाल्यावर जातं कुठे? घरी असलो की मोरी असते, मोरीला पाइप असतो आणि पाइपाच्या पुढे काय होतं ते आपण बघत नाही. हरिश्चंद्रगडावर मोरी नाही. तिथे तुम्ही अंगावरचं जे काढाल ते दहा पावलांवर पडून राहणार, आणि बऱ्याच वेळा ते पिण्याच्या पाण्यात पडतं म्हणून हे पत्र.

मी नाशिकची, कॉलेजपासून डोंगरात जाते, आता गुडघे कुरकुरतात तरी जाते. आमच्या वेळी कॅम्पिंग असा शब्दच नव्हता, मुक्काम म्हणायचो, देवळात नाहीतर गुहेत पथारी टाकायची. आता टेंट आले, हेडटॉर्च आले, शनिवारी संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एवढी गर्दी की जागा मिळत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पोरं मॉलमध्ये जाण्यापेक्षा डोंगरात आलेली कधीही बरी. पण सकाळी उठून ही मंडळी टूथब्रश तोंडात घालून थेट टाक्याच्या काठावर बसतात, तिथेच चूळ भरतात, तिथेच फेसवॉश, आणि कोणीतरी एकजण उत्साहाने कपडे काढून आत उडी मारतो आणि बाकीचे त्याचा रील काढतात.

आता टाकं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपले गड काळ्या कातळाचे, वर बारमाही नदी नाही की ओढा नाही, म्हणून जुन्या लोकांनी कातळ खोदून हौद केले. बहुतेक टाकी पावसाळ्यात भरतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तेच पाणी पुरवायचं असतं. काहींना कातळाच्या भेगांतून झरा असतो पण तोही बारीक. म्हणजे हे साठलेलं पाणी आहे, वाहतं नाही. नदीत साबण गेला तर निदान पुढे वाहून जातो (तेही चूकच, पुढे कोणीतरी पितंच), टाक्यात नोव्हेंबरमध्ये घातलेला साबण मेमध्ये पण तिथेच असतो. आणि नुसता साबणच कशाला, अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन, डासांचं क्रीम, केसांचं तेल, सगळ्याचा तवंग वर येतो. सकाळच्या उन्हात तिरकं बघा, इंद्रधनुष्य दिसेल. तेच पाणी वर पिठलं-भाकरी करून विकणारी पायथ्याची माणसं वापरतात, तुमच्या चहाला पण तेच असतं बरं का.

दुकानात हल्ली बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबण मिळतो आणि लोकांना वाटतं की झालं, आता कुठेही वापरा. तसं नसतं. तो साबण कुजायला माती लागते, मातीतले जिवाणू लागतात. पाण्यात तो लवकर कुजत नाही, फेस करतो, पाण्यातल्या किड्यांना नि माशांना त्रास देतो. म्हणून कुठलाही साबण असो, पाणी भांड्यात घ्यायचं, टाक्यापासून निदान 60 मीटर लांब जायचं, मोठ्या माणसाची साधारण 70 पावलं होतात, आणि उताराच्या खालच्या बाजूला मातीवर ओतायचं. वरच्या बाजूला ओतलं तर मुरून परत भेगांतून टाक्यातच येणार.

माझी आजी सांगायची की पाण्यात पाय घालायचा नाही, पाणी वरून काढून घ्यायचं. आम्हाला वाटायचं सोवळं-ओवळं असेल. पुढे शाळेत नारूचं कळलं. नारू झालेल्या माणसाने पायऱ्यांच्या विहिरीत पाय घातला की जखमेतून अळ्या पाण्यात सुटायच्या, त्या बारीक पाणकिडे गिळायचे, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जाऊन वर्षभराने दोन-तीन फुटांचा दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर यायचा. त्यावर औषध नव्हतं आणि लसही नव्हती. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, फडक्याने पाणी गाळायला शिकवलं आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. नारू गेला पण टायफॉइड, कावीळ, जुलाब कुठे गेलेत? ते पण पाण्यातूनच येतात. तेव्हा पाण्यात उतरायचं नाही, आणि प्यायचं पाणी आधी फडक्याने गाळून मग उकळायचं नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. नितळ दिसतं म्हणून पिऊ नका, नितळ पाण्यातले जंतू दिसत नाहीत.

मग अंघोळ करायचीच नाही का, असं भाची म्हणाली. करायची, पण शॉवरसारखी नाही. खरं सांगू का, दोन रात्रींच्या मुक्कामात अख्खं अंग साबणाने धुवायची काही गरज नसते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर काम करतात तेव्हा वास येतो, आणि ते जास्त करून काखेत, जांघेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत असतात. तेवढ्या जागा रोज पुसल्या की काम झालं. मी काय करते, दुपारी स्टीलची बाटली उन्हात कातळावर ठेवून देते, संध्याकाळपर्यंत पाणी छान कोमट होतं. लिटरभर पुरतं. सुती पंचा भिजवून पिळायचा, आधी तोंड नि मान, मग काखा, मग जांघा, शेवटी पाय, हाच क्रम ठेवायचा उलटा नाही, आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. टेंटच्या आत बसून होतं, आडोसा शोधायला लागत नाही. पंचा रात्री दोरीवर टाकला की सकाळी वाळतो. हाच पंचा वर्षानुवर्षं चालतो आणि तुमच्या यादीतले वेट वाइप्स एकदा वापरून फेकायचे. ते कागदाचे वाटतात पण बहुतेकांत प्लॅस्टिकचा धागा असतो, कुजत नाहीत. न्यायचेच असतील तर जितके नेले तितके परत आणा, मोजून.

वारीतल्या बायका बघा की. आळंदीपासून पंधरा-वीस दिवस चालतात, राहुट्यांत नाहीतर उघड्यावर झोपतात, पहाटे अंधारात उठून टँकरच्या पाण्यावर अंघोळ उरकतात, दोघींनी साडी धरायची तिसरीने आत अंग धुवायचं, बादलीभर पाण्यात अंघोळ आणि त्यातच पातळ पिळून खांद्यावर वाळत टाकून चालायला लागायचं. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी जातात, त्यांना कोणी ड्राय शाम्पू दिला तर त्या विचारतील हे पीठ कशाचं.

आता जरा न बोलण्याच्या विषयाकडे येते, कारण पुरवणीत त्यावर एक ओळ पण नव्हती. परसाकडे जाणं. गडावर सकाळी झुडपामागे गेलं की पांढरे टिश्यू फुललेले दिसतात, बघवत नाही. नियम साधा आहे, पाण्यापासून नि वाटेपासून तीच 70 पावलं लांब, वीतभर खड्डा (15 ते 20 सेंटिमीटर), काम झालं की माती लोटून वर दगड. छोटं खुरपं सॅकला अडकवलं की झालं, वजन काहीच नसतं. वरचा वीतभर थर जिवंत असतो, त्यात कुजण्याचं काम पटकन होतं, हातभर खोल खणलं तर उलट उशीर लागतो. आणि आपल्याकडे टमरेलाची पद्धत आहे ती सोडू नका! टिश्यू लागत नाही, अंग जास्त स्वच्छ राहतं, मागे काही उरत नाही. त्यासाठी एक वेगळी बाटली ठेवायची, तिला लाल रिबन बांधायची म्हणजे रात्री अंधारात कोणी चुकून तोंडाला लावणार नाही. हसू नका, आमच्या ग्रुपमध्ये झालंय.

पण एक अडचण आहे. माथ्यावर कित्येक ठिकाणी मातीच नसते, नुसता कातळ, खणणार कुठे? आणि शनिवारी रात्री जिथे शेकडो लोक असतात तिथे प्रत्येकाने खड्डा खणला तरी ती जागा किती पुरणार. अशा ठिकाणी शक्यतो पायथ्याच्या गावात उरकून चढायचं, पैसे देऊन संडास वापरायला मिळतो, त्या घरालाही चार पैसे होतात. नाहीतर सरळ जाड पिशवीत भरून खाली आणायचं. किळस वाटते, माहितीये. कुत्र्याची घाण पिशवीत उचलणारी माणसं आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत दिसतात, तेव्हा स्वतःची उचलायला काय हरकत आहे.

बायकांचं वेगळंच. कॅम्पवर संडास नाही किंवा आहे तो बघवत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. दुपारपासून एक घोट नाही, का तर रात्री जायला नको. त्यातून डोकं दुखतं, पेटके येतात, आणि लघवीचा संसर्ग झाला की घरी येऊन आठवडाभर जळजळ, ताप, अँटिबायोटिक्स. मी बरोबरच्या प्रत्येक मुलीला सांगते की रात्री दोन वाजता पण मला उठव, मी टॉर्च घेऊन येते. दोघींनी जायचं, एकीने पाठ करून उभं राहायचं. ग्रुप नेणाऱ्यांनी पहिल्याच थांब्याला सांगून टाकावं की बायकांची बाजू ही, पुरुषांची ती, म्हणजे कोणाला विचारायला लाजायला नको. दोन वाक्यांचं काम आहे पण पुरुष लीडर ते बोलतच नाहीत, त्यांनाच लाज वाटते.

पाळीच्या दिवसांत पण डोंगर बंद नाही. पॅड मात्र पुरायचं नाही, कुत्री-माकडं उकरून काढतात, आणि शेकोटीत तर टाकायचंच नाही, आतलं प्लॅस्टिक नीट जळत नाही आणि धूर सगळ्यांच्या नाकात. वर्तमानपत्रात गुंडाळून (तुमच्याच पेपरचं पान उपयोगी पडतं, रागावू नका), त्यावर चिमूटभर खायचा सोडा टाकून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालायचं आणि घरी घेऊन यायचं, सोड्याने वास धरत नाही. पॅडऐवजी पाळीचा कप वापरणाऱ्यांना सोपं जातं, साधारण 8 ते 12 तास बघायला लागत नाही, पण घालता-काढताना हात साबणाने धुतलेलेच पाहिजेत, आणि पहिल्यांदा वापरायचा प्रयोग गडावर करू नका, घरी दोन-तीन महिने सवय करून मगच न्या.

हातावरून आठवलं. सॅनिटायझरवर लोकांचा फार विश्वास बसलाय कोरोनापासून. हाताला माती नि तेल असेल तर तो नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. परसाकडून आल्यावर आणि स्वयंपाकाला हात लावायच्या आधी साबण आणि पाणीच, वीस सेकंद चोळून. पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुचाला दाभणाने दोन भोकं पाडून ती उलटी फांदीला बांधा, झाला नळ, कपभर पाण्यात दोघांचे हात धुऊन होतात. आणि सॅनिटायझर लावून लगेच स्टोव्ह पेटवायला जाऊ नका, त्यातला अल्कोहोल पेट घेतो आणि त्याची निळी ज्योत उन्हात दिसत पण नाही, हात पूर्ण वाळू द्या. अजून एक, कॅम्पवर पोट बिघडलं की सगळे पाण्याला शिव्या देतात, पण मला विचाराल तर निम्मा दोष चिवड्याच्या पुड्याचा. पुडा फिरतो, वीस जण आत हात घालतात, कोण कुठून आलाय देवाला ठाऊक. पुड्यात हात घालायचा नाही, पुडा तिरका करून हातावर ओतून घ्यायचा. एवढं एक केलं तरी रविवारच्या परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरला गाडी थांबवायला लागणार नाही.

पायांचं थोडक्यात सांगते. दिवसभरचे ओले मोजे घालून झोपायचं नाही, झोपायचे कोरडे मोजे वेगळे ठेवायचे, ते काहीही झालं तरी चालायला वापरायचे नाहीत. मांड्या घासून सोलवटतात त्यांनी चालायच्या आधीच खोबरेल लावावं, सोलल्यावर नाही. पावसाळी ट्रेकनंतर जांघेत गोल चट्टे उठून खाज सुटली की ते गजकर्ण असतं, तेव्हा केमिस्टने काउंटरवरून दिलेली मिक्स ट्यूब लावू नका, त्यात स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टरला दाखवा. पावसात गुरांच्या वाटेवरच्या चिखलातून जाताना पायाला जखम असेल तर झाकून घ्या, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) जंतू तिथूनच शिरतो, गुरा-उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला असतो.

आणि दक्षिणेकडे, दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलात किंवा गोव्यात सत्तरीच्या बाजूला कॅम्प असेल तर गोचीड बघायची. तिकडे गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप आहे, सिंधुदुर्गात 2016 साली बरेच रुग्ण झाले होते, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना जास्त. पायाला नि कपड्यांना आरोग्य खात्याचे लोक देतात ते गोचीड लांब ठेवणारं तेल लावतात तिथले लोक. पालापाचोळ्यावर बसायचं नाही, संध्याकाळी कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे एकमेकांना तपासायचं, चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, रॉकेल-बिकेल काही लावायचं नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि ताप आला तर डॉक्टरला सांगायचं की जंगलात गेलो होतो. अंग स्वच्छ ठेवण्यात हे पण येतंच, पण लोकांना स्वच्छता म्हटलं की फक्त वास आठवतो.

आता कॅम्पवाल्यांबद्दल. धरणांच्या काठाला पवना, भंडारदरा वगैरे भागात शेकड्यांनी टेंट लागतात, काजव्यांच्या दिवसांत तर भंडारदऱ्याला रात्रभर गाड्यांची रांग. बार्बेक्यू आहे, म्युझिक आहे, फोटोला झोका आहे, आणि पन्नास माणसांना संडास दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. अशा एका ठिकाणी मी विचारलं की याचा खड्डा कुठेय तर पोराने धरणाच्या बाजूला हात केला, पाण्यापासून वीस पावलंसुद्धा नव्हती. त्याच पाण्यावर खालची गावं नि शहरं जगतात. सगळे असे नसतात, काही जण बायो-टॉयलेट ठेवतात, हात धुवायला बेसिन, साबण, झाकणाचा डबा सगळं नीट असतं. तेव्हा बुकिंग करताना मेनू विचारायच्या आधी हे विचारा: संडास किती, घाण जाते कुठे, बायकांचा वेगळा आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्यापासून उत्तर तयार होतं, धंदा असाच सुधारतो.

सरकारकडून पण एक मागणी आहे. 2025 च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात, रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर वगैरे, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ढोल-ताशे वाजले, आनंदच आहे. पण यादीत नाव आलं की माणसं वाढणार आणि सोबत त्यांची पोटंही येणार. वर संडास बांधा असं मी म्हणत नाही, पाणी नाही तिथे बांधून त्याचं काय होतं ते बघितलंय, दार मोडून पडलेलं असतं आणि आत जाववत नाही. पायथ्याच्या गावात चांगले बांधा, चालवायला गावातल्या बचत गटाला द्या, त्यांना पैसे घेऊ द्या. आणि प्रत्येक टाक्यावर एक साधी पाटी लावा, हे पाणी पिण्याचं आहे, आत उतरू नये, साबण लावू नये, पाणी काढून लांब न्यावं. जवळ दोरी बांधलेली एक बादली ठेवा. आता काय होतं की बादली नसते म्हणून लोक आत उतरतात, आणि मग आम्ही त्यांच्यावर ओरडतो.

संपादक साहेब, एक विनंती. कॅम्पिंगवर पुन्हा पान काढाल तेव्हा शहरातल्या दुकानदारांना काय विकताय विचारण्याबरोबर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत, नाहीतर खिरेश्वरात एक वार्ताहर पाठवा आणि तिथल्या बायकांना विचारा की रविवारी संध्याकाळी सगळे उतरून गेल्यावर वर काय काय उचलायला लागतं. त्यांची यादी पण छापा, तुमच्या यादीच्या शेजारी.

आपली,
एक वाचक, नाशिक

ता.क. शाम्पूच्या एक-दोन रुपयाच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे, ते छोटे तुकडे, गडावर सगळ्यात जास्त तेच सापडतात. पुडी खिशात जाते आणि कोपरा उडतो. घरूनच छोट्या डबीत शाम्पू भरून न्या, किंवा दोन दिवस केस नाही धुतले तरी काही बिघडत नाही, वेणी घाला आणि रुमाल बांधा.